अप्पांच्या गोळ्या जातात कुठे?

"हाडांत पसरलंय," डॉक्टर म्हणाले, आणि मी पहिला संशय डॉक्टरवरच घेतला.

चेन्नईतलं, नुंगंबाक्कमचं मोठं हॉस्पिटल. समोर उजेडाच्या पाटीवर माझ्या सासऱ्यांचा बोन स्कॅन लावलेला. बोन स्कॅन म्हणजे अख्ख्या सांगाड्याचा फोटो. कमरेत, खुब्यात, फासळ्यांत काळे डाग. डॉक्टर त्याला मेटास्टॅसिस म्हणाले. म्हणजे कॅन्सर एका जागी सुरू होतो आणि दुसरीकडे जाऊन बिऱ्हाड थाटतो. अप्पांचा सुरू झाला होता प्रोस्टेटमध्ये, आणि आम्हाला कळला कमरेत. तोवर आम्ही उसण म्हणत होतो, वात म्हणत होतो, गादी बदलत होतो.

मला वाटलं, हा बाबा घाबरवून आणखी तपासण्या काढायला लावणार. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तेच सांगितलं. मी तिसऱ्याचं नाव काढलं तेव्हा अप्पा म्हणाले, "पुरे ग बाई. आणखी साक्षीदार कशाला? मी कबूल करतों."

आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी मूळची कोल्हापूरची, हवालदाराची लेक. आमच्या घरी साखर संपली तरी वडील विचारायचे, "शेवटचा चमचा कुणी घातला?" लग्न होऊन मी आले ती चेन्नईत, एग्मोरजवळच्या या फ्लॅटमध्ये. सासर तंजावरच्या मराठ्यांचं. कधीकाळी राजाबरोबर खाली आलेली माणसं. त्यांचं जुन्या पोथीतल्यासारखं मराठी ऐकून आधी मला वाटायचं की ही मंडळी माझी थट्टा करतायत. अप्पा रेल्वेत रिझर्व्हेशनच्या खिडकीवर जन्मभर बसले. अम्मा, म्हणजे माझी सासू, घर आणि देव सांभाळते. नवरा माधव इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. कंपनीच्या बसने उजाडायच्या आत जातो. दिवसभर घरी आम्ही तिघं, आणि अप्पा अंथरुणाला लागल्यावर त्यांचं करायला दिवसा येणारी सेल्वी.

हे लिहायचं कारण एवढंच, की हे दुखणं उद्या तुमच्याही दारात येईल. आजाराची माहिती तुम्हाला डॉक्टर देतील. पण दुखणं थांबवणारं औषध घरात आलं की घरात काय काय होतं, ते कुणी सांगत नाही.

अप्पांवर उपचार सुरू झाले, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आजार रोखता येईल, बरा होणार नाही. तेही आम्ही गिळलं. पण दुखणं? ते काही केल्या गिळता येईना. साध्या गोळ्यांनी सुरुवातीला जरा फरक पडायचा. मग तोही पडेना. कूस बदलायची तर अप्पा आधी माझ्याकडे बघायचे, जणू परवानगी मागतायत. गाद्या-उशा सगळ्या करून झाल्या. आवाज मोठा करायचे नाहीत, अम्माला ऐकू जाऊ नये म्हणून. अम्माला ते सगळं ऐकू जायचं. ती देवघरात बसून पुन्नैनल्लूरच्या मारीअम्मा देवीशी काहीबाही बोलत असायची. मी तिकडे लक्ष दिलं नाही. पुढे पस्तावले.

एके दिवशी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, मॉर्फिन.

मी ते पुन्हा वाचलं. मॉर्फिन म्हणजे अफूपासून काढलेलं औषध. माझ्या वडिलांनी अर्धी नोकरी ज्याच्यामागे धावण्यात घालवली, ते मी सासऱ्यांच्या तोंडात घालायचं?

बरं, घालायचं म्हटलं तरी मिळायला हवं ना! चिठ्ठी घेऊन मी एका मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने कागद वाचला, मग मला वाचलं, पायातल्या चपलेपासून कपाळाच्या टिकलीपर्यंत. "इल्लै मा," म्हणाला, "अदेल्लाम वैक्करदिल्लै." नाही बाई, असलं काही आम्ही ठेवत नाही. पुढच्या दुकानात तर पोऱ्याने चिठ्ठी हातातही घेतली नाही, लांबूनच मान हलवली. तिसऱ्याने विचारलं, "खरं कुणासाठी हवंय?" अहो, वर अप्पांचं नाव लिहिलेलं, डॉक्टरची सही, शिक्का, आणि हा मला विचारतोय खरं कुणासाठी!

मग माधवने समजावलं. शहरात काही पोरं दुखण्याच्या गोळ्यांची नशा करतात. पोलीस दुकानं तपासतात, धरपकड होते, परवाने जातात. दुकानदार कशाला हात पोळून घेईल? पटलं मला. पोलिसाचीच लेक आहे मी. पण आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभी होते, आणि त्या नजरेखाली काय वाटतं ते मला कळलं. रडू आलं, खोटं कशाला बोलू. रागाने आलं.

शेवटी ज्या दवाखान्यात औषध मिळालं, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. म्हणजे आजार बरा होत नसेल तरी माणसाचा त्रास बरा करायचा, अशी जागा. हे लक्षात ठेवा: मॉर्फिन गल्लीतल्या दुकानात शोधत फिरू नका. परवानगी असलेल्या अशा ठिकाणी विचारा. तिथल्या डॉक्टर मॅडमनी अप्पांना तपासलं, कार्ड करून दिलं आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. गोळी घड्याळ लावून द्यायची. दुखायची वाट बघायची नाही. पोट साफ होण्याचं औषध बरोबर द्यायचंच. झोप जास्त येईल, पण ती आठवड्यात कमी होते. आपल्या मनाने वाढवायची नाही आणि एकदम बंद तर मुळीच करायची नाही. रिकामी पाकिटं आणि उरलेल्या गोळ्या दरवेळी परत आणायच्या.

मी विचारलं, "यांना व्यसन लागेल का?"

त्या म्हणाल्या, "व्यसनी माणूस गोळीसाठी घर सोडतो. तुमचे अप्पा गोळीमुळे घरात परत येतील. तुम्हीच बघा."

आणि खरंच आले हो! आठवडाभरात अप्पा उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "हें काय फिल्टर कॉफी म्हणावें? हें तर भांडें विसळलेलें पाणी." अम्मा स्वयंपाकघरातून ताडताड बोलत आली आणि अर्ध्यातच तिचे डोळे भरले. कॉफीला नावं ठेवणारे अप्पा आम्हाला कितीतरी दिवसांनी भेटत होते. त्या दिवशी मी मॉर्फिनला हात जोडले.

डॉक्टर मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जास्त झालं तर ओळखायचं कसं. माणूस गुंगतो, हलवलं तरी नीट जागा होत नाही, श्वास मंद होतो, आणि पिनपॉइंट प्युपिल्स होतात. म्हणजे डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. मी लगेच एक छोटी बॅटरी आणली.

ती बॅटरी पुढे घरात सगळ्यांचा काळ ठरली. कारण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की गोळ्या कमी भरतायत.

पहिल्यांदा वाटलं, मीच चुकले असेन. मग मी लक्ष ठेवलं. गोळ्यांचा डबा अप्पांच्या कपाटात वरच्या कप्प्यात, देवाच्या तीर्थाच्या बाटलीशेजारी. किल्ली नव्हती, आपलं घर ते. मी देते त्यापेक्षा जास्त गोळ्या त्या डब्यातून जात होत्या. म्हणजे कुणीतरी घेत होतं. आता मला सांगा, ज्या गोळीसाठी शहरात पोरं आत जातात ती घरातून नाहीशी व्हायला लागली, तर तुम्ही काय कराल? मी तपास सुरू केला.

पहिला संशय सेल्वीवर. बाहेरचं माणूस, दुसरं काय. तिला न्यायला तिचा भाऊ गाडीवर यायचा, कानात इअरफोनची बोंडं, कुणाकडे बघायचा नाही. झालं, माझ्या डोक्यात आख्खी टोळी तयार. एका दुपारी मी सेल्वीला म्हटलं, तुझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय, आणि बॅटरी मारली. बाहुल्या चांगल्या टपोऱ्या. "अक्का, उंगळुक्कु एन्न आच्चु?" ती म्हणाली. ताई, तुम्हाला झालंय तरी काय?

दुसरा संशय नवऱ्यावर. कारखान्यात उभं राहून त्याची पाठ धरते. जेवताना मी त्याच्या तोंडावर उजेड पाडला. त्याने घास खाली ठेवला. "वैशाली, आमटीत मीठ कमी आहे असं म्हणालो म्हणून एवढं?"

तिसरा संशय अप्पांवरच, आणि तो सगळ्यात वाईट होता. आपण डोळा चुकवला की हा म्हातारा माणूस उठून स्वतःच जादा गोळ्या घेत असेल का? पण त्यांना धड उभं राहता येत नव्हतं, कपाट गाठणार कसे?

अम्मावर बॅटरी मारली ती आपली उगाच, कुणी राहायला नको म्हणून. "काय ग," ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांत काय पाहतेस? मारीअम्मा दिसते का?" मी हसून सोडून दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते हेच.

वडिलांना फोन केला. आता ते निवृत्त होऊन कोल्हापुरात भाजी निवडत बसतात, पण तपास म्हटलं की आवाज बदलतो. सगळं ऐकून म्हणाले, "त्या पोरीला काही बोललीस काय?"

"अजून नाही. बदलायची म्हणतेय."

"थांब. पुरावा हाय? न्हाई. मग गप बस. पोरी, संशय कुत्र्यागत असतोय. वास काढायला सोडायचा, चावायला न्हाई. चोर सोडून संन्याशाला फाशी झालेली मी बघितलीय."

गप बसले. पण झोप उडाली.

नवरात्र आलं आणि आमच्या घरी कोलू मांडला. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, इकडे नवरात्रात पायऱ्या मांडून त्यावर मातीच्या बाहुल्या बसवतात: देव, राजा-राणी, वाणी, वाजंत्री, सगळं जग. संध्याकाळी आजूबाजूच्या बायका बघायला येतात. येणारीला कडधान्याची उसळ, म्हणजे सुंडल, द्यायची आणि जाताना तांबूलाची पिशवी: पान, सुपारी, हळद, कुंकू, एखादं फळ. कुणी रिकाम्या हाताने गेली तर घराला कमीपणा. अप्पा आजारी आहेत म्हणून मी त्या वर्षी नको म्हणत होते, पण अप्पांनीच मांडायला लावला. त्यांचा पलंग हॉलमध्ये आणला. तिथून ते वाणी उलटा बसवलाय, राणीचं नाक उडालंय, अशा तक्रारी करत होते. पिशव्या भरणं हे अम्माचं काम. त्यात मी कधी हात घातला नाही.

नवरात्राच्या मधेच दवाखान्याची तारीख आली. मी रिकामी पाकिटं आणि उरलेल्या गोळ्या सिस्टरपुढे ठेवल्या. सिस्टरने दोनदा जुळवलं आणि डॉक्टर मॅडमना बोलावलं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या. "या गोळ्या कुणीतरी घेतंय. ते माणूस मरू शकतं, हे आधी लक्षात घ्या. दुसरं, मला याचं उत्तर वर द्यावं लागतं. आज मी थोड्याच दिवसांपुरत्या देते. शोधून काढा. पुन्हा असं झालं तर अप्पांना घरी गोळ्या देणं मला अवघड होईल."

घरी येऊन मी हे माधवला फोनवर हळू आवाजात सांगत होते. पण अप्पांच्या कानाला काही झालेलं नव्हतं.

"वैशाली," त्यांनी हाक मारली. "माझ्या घरांतून औषध चोरीला जातें?"

मी फोन खाली ठेवला.

"ज्या खिडकीवर मी बसलों, तेथें एक तिकीट कधीं काळ्या बाजारांत गेलें नाहीं. आणि आतां माझ्या नांवाच्या गोळ्या बाहेर जातात. नको मला त्या. घेऊन जा."

मी समजावलं, हात जोडले, चिडले. एकदम बंद करायची नसते हेही सांगितलं. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलं. माधव धावत घरी आला, त्यालाही दाद दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुखणं परत आलं होतं, वर घाम, मळमळ, हातापायांची तगमग. मी कपाळ पुसत होते आणि ते दातावर दात धरून कोलूकडे बघत होते. सेल्वी पाय चेपता चेपता रडायला लागली. अम्मा काही बोलली नाही. फिक्की पडली, देवघरात गेली आणि बाहेर येऊन पिशव्या भरायला लागली. मला तिचा इतका राग आला, की काय सांगू. इकडे नवरा तळमळतोय आणि हिला पान-सुपारी सुचतेय!

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या कमला मामी आल्या. मामी अम्माच्याच वयाच्या, गुडघ्यांनी बेजार, मूत्रपिंडाचं औषध चालू. खुर्चीत बसल्या आणि बायकांच्या गप्पांत त्यांची मान छातीवर गेली. बायका हसल्या. "मामी कालपासून चांगल्या झोपतायत," कुणीतरी म्हणालं. हातातली सुंडलची वाटी कलंडली तरी मामी जाग्या झाल्या नाहीत.

माझी बॅटरी कमरेलाच होती. मी पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढीही नव्हती.

मी खांदा धरून हलवलं, हाका मारल्या. नुसतं हुंकारल्या. श्वास एक घेतला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती.

"यांना गोळी कुणी दिली?" मी ओरडले.

"मी दिली," समईशेजारून अम्मा म्हणाली. "कां? काय झालें तिला?"

आई गं! पण विचारायला वेळ नव्हता. माधव आणि शेजारच्यांनी मामींना उचलून गाडीत घातलं आणि आम्ही जवळचं हॉस्पिटल गाठलं. वाटेत माधव एकच वाक्य बोलला, "अम्माचं नाव आलं तर पोलीस येतील, अप्पांच्या गोळ्या कायमच्या बंद होतील." तो मला अडवत नव्हता. काय होणार ते फक्त सांगत होता. मागच्या सीटवर मी मामींचं डोकं मांडीवर घेतलं होतं. एकीकडे ही बाई, दुसरीकडे घरी तळमळणारे अप्पा.

इमर्जन्सीच्या डॉक्टरने विचारलं, "काय घेतलंय यांनी?"

मी सांगितलं. "मॉर्फिन. आमच्या घरचं. माझ्या सासऱ्यांचं."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तीच मेडिकलवाली नजर. पण हात थांबले नाहीत. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, अफूच्या जातीच्या औषधाचा उतारा. ते दिलं आणि थोड्या वेळाने मामींनी डोळे उघडले. पहिलं वाक्य, "माझे गुडघे!" मी तिथेच भिंतीला टेकून हसले आणि रडले. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे औषध अंगात साचत जातं, डॉक्टर म्हणाले. एका गोळीने बरं वाटलं म्हणून मामींनी वरचेवर घेतल्या होत्या. आणखी उशीर झाला असता तर उठल्या नसत्या. म्हणून सांगते, ज्याची गोळी त्यालाच. दुखणं सारखं असलं तरी शरीर सारखं नसतं.

मग ते म्हणाले, "हे एमएलसी होणार." मेडिको-लीगल केस. म्हणजे पोलिसांना कळवणं भागच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई इन्स्पेक्टर घरी आल्या. कोलूच्या समोर खुर्ची घेऊन बसल्या. हॉलमध्ये अप्पा पलंगावर, अंगात त्राण नाही, पण डोळे उघडे. अम्मा नेसूचं नऊवारी सावरून समोर उभी राहिली. बसायला सांगितलं तर बसली नाही.

सगळं बाहेर आलं. शुक्रवारी हळदीकुंकवाला सवाष्णी यायच्या, मग नवरात्रात कोलू बघायला यायच्या. अप्पांना कसं वाटतं विचारायच्या. अम्मा म्हणायची, आता दुखत नाही, फार चांगली गोळी आहे. मग कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाचे गुडघे निघायचे. अम्मा हळदीकुंकवाच्या पुड्यांबरोबर एका पुडीत गोळी बांधून त्यांच्या पिशवीत घालायची. कुणाकडून काही घेतलं नाही. कुणाला सांगितलंही नाही, कारण दान बोलून दाखवायचं नसतं.

"पण का, पाटी?" इन्स्पेक्टरनी विचारलं. पाटी म्हणजे आजी.

"नवस होता," अम्मा म्हणाली. "ह्यांचें दुखणें थांबलें तर ज्याचें ज्याचें दुखतें त्याला मी औषध देईन, असें मारीअम्माला बोललें होतें. ह्यांचें थांबलें. मग मी शब्द मोडूं?"

"आजी, ह्याच गोळ्यांपायी मी परवा एका पोराला आत घातलंय."

"त्याला कोठें दुखत होतें?"

इन्स्पेक्टरनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग त्या पिशव्यांकडे. उरलेल्या सगळ्या पिशव्या उघडून बघितल्या, पानं सुद्धा उलटून. मला त्यांचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं. "कायद्यात आज्यांसाठी वेगळं कलम नाही," त्या म्हणाल्या. जबाब लिहून घेतला. माझा, अम्माचा, हॉस्पिटलमध्ये मामींचाही. मामींनी छातीठोकपणे सांगितलं म्हणे, की मीच मागून घेतली. ज्यांना ज्यांना गोळ्या गेल्या त्यांच्या घरी मी आणि अम्मा स्वतः जाऊन त्या परत घेऊन आलो. त्या दारोदारच्या फेरीत अम्मा एकदाही माझ्याकडे बघू शकली नाही. शेवटच्या घरातून बाहेर पडताना जिन्यात म्हणाली, "माझ्यामुळें त्यांनीं गोळी सोडली. काल मी समोर होतें, तरी बोललें नाहीं. नवस मोडेल म्हणून भ्यालें." आणि कठड्याला धरून रडली. सोळा आणे खरी बाई. मी तिचा हात धरला.

प्रकरण पुढे ताकीद देऊन मिटलं. पण ते कळायला वेळ लागला, आणि तोवर दाराची बेल वाजली की मी आधी खिडकीतून खाकी दिसते का बघायचे.

डॉक्टर मॅडमकडे त्याच दिवशी दुपारी गेले होते. आता बंद करणार, असंच धरून चालले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि मलाच झापलं. "डब्याला कुलूप का नव्हतं? ही गोळी घरात तीर्थाच्या बाटलीशेजारी ठेवतात का?" मग कार्ड ओढून घेतलं. मला वाटलं, फाडणार. त्या लिहायला लागल्या. "चूक माणसांची झाली, शिक्षा अप्पांच्या हाडांना का? थोड्या थोड्या दिवसांच्या देईन. कुलूप लावा. किल्ली एकाच माणसाकडे."

किल्ली माझ्याकडे आली. वडिलांना सांगितलं तर फोनवर इतके हसले की खोकला लागला. "हवालदाराच्या लेकीकडं अफूची किल्ली!"

राहिले अप्पा. त्यांच्यापुढे मी गोळी आणि पाणी धरलं आणि म्हटलं, "चोरी नव्हती अप्पा. बाहेर गेली ती तुमच्याच बायकोच्या हातून, फुकट वाटलेली. काळाबाजार नाही झाला."

अप्पांनी अम्माकडे बघितलं. ती दाराआड उभी होती. "फुकट पास वाटत होती होय," ते म्हणाले. "रेल्वेंत असती तर सस्पेंड केलें असतें." आणि तोंड उघडलं.

अप्पा पोंगलपर्यंत, म्हणजे इकडच्या संक्रांतीपर्यंत होते. शेवटपर्यंत दुखणं ताब्यात राहिलं. मधेच कधी उसळलं तर त्याला ब्रेकथ्रू पेन म्हणतात, त्यासाठी वेगळी गोळी मॅडमनी दिली होती. गेले ते सकाळी, कॉफीचे दोन घोट घेऊन. कॉफी बरी झालीय म्हणाले. तेव्हाच मला संशय आला होता, की आता हे राहत नाहीत.

उरलेल्या गोळ्या मी दवाखान्यात परत नेल्या. अम्मा बरोबर आली होती. सिस्टरने जुळवल्या, सगळ्या बरोबर. बाहेरच्या बाकांवर माणसं बसली होती, कंबर धरून, जबडा धरून, आपापल्या आईबापांना धरून. अम्माने एकेकाकडे बघितलं. "हे सगळे येथें कसे पोंचले?" तिने विचारलं. "आणि जे पोंचले नाहींत ते?"

वर्ष सरल्यावर यंदा पुन्हा कोलू मांडला. अम्माचं कुंकू गेलं, म्हणून ती आता तांबूल देत नाही. मी किती भांडले, असलं काही पाळू नका म्हटलं. तिने ऐकलं नाही. बायका आल्या की ती आत जाऊन बसते आणि पिशव्या मी देते. पण भरते तीच. आणि प्रत्येक पिशवीत पान-सुपारीच्या खाली एक चिठ्ठी घालते, तमिळमध्ये, मोठ्या ठळक अक्षरात, स्वतःच्या हाताने लिहिलेली: त्या दवाखान्याचा पत्ता, आणि खाली, 'दुखत असेल तर येथे जा. सोसू नका.' तिचा नवस असा चालू आहे. कमला मामीही तिथे जाऊन आल्या. त्यांना मॅडमनी त्यांच्या मूत्रपिंडाला चालेल असं दुसरं औषध दिलंय. सेल्वी आता दुसऱ्या घरी काम करते, तीही तिथे या चिठ्ठ्या नेऊन देते.

मीही बदलले, असं लोक म्हणतात. मेडिकलच्या खिडकीपाशी कुणी चिठ्ठी घेऊन घुटमळत असलं की मी आता आधी पोलिसाच्या नजरेने बघत नाही. थांबते, विचारते, पत्ता देते. पण जित्याची खोड आहे ती. परवा मामींना पिशवी द्यायच्या आधी मी ती उघडली, पान उचललं, हळदीची पुडी सोडून बघितली, कुंकवाची सोडून बघितली.

आतून अम्माचा आवाज आला, "पाहा, पाहा, नीट पाहा. आज नुसती हळदच आहे ग, हवालदारीणबाई!"

मी पुडी पुन्हा बांधली आणि मामींच्या हातात पिशवी दिली.